स्पर्धेचे हस्तपत्रक कसे तयार करावे

हस्तपत्रक ही वस्तू आपल्या इतक्या परिचयाची आहे की, तिच्याकडे लक्ष देऊन सहसा कोणी पाहत नाही. बाजारातून घरी येईपर्यंत दोन-चार पत्रके हातांत पडतात. सकाळी वर्तमानपत्र उघडले की त्याच्या घडीतून एखादे गळून पडते. कोणी ते वाचतो, कोणी त्याची पुडी करतो. असे असले तरी एखादे व्याख्यान, प्रदर्शन किंवा सामना लोकांस कळवावयाचा असला म्हणजे आजही हा कागद उपयोगी पडतो, आणि तो तयार करण्याचे काम शाळेतील मुलांकडे वारंवार येते. म्हणून ह्या लेखात आम्ही अशा एका लहानशा पत्रकाचा विचार पायरीपायरीने करणार आहो.

उदाहरणासाठी आम्ही मुद्दामच एक अडचणीचा विषय घेतला आहे. तो म्हणजे गावातल्या गावात भरावयाची पूल ह्या खेळाची स्पर्धा. क्रिकेटच्या किंवा कबड्डीच्या सामन्यांचे पत्रक लिहिणे सोपे, कारण खेळ सर्वांच्या ओळखीचा असतो. पूलची गोष्ट तशी नाही. पुष्कळांस तो खेळ ठाऊक नाही, आणि ज्यांस ऐकून ठाऊक आहे त्यांपैकी कित्येक पालकांस त्याच्याविषयी शंका वाटते. अशा खेळाचे पत्रक ज्यास नीट लिहिता आले, त्यास इतर कोणतेही लिहिणे जड जाणार नाही.

आरंभीच एक गोष्ट मनात पक्की धरावी. पत्रक म्हणजे अनोळखी माणसाला दिलेले लेखी वचन होय. त्यावर 'सकाळी ९ वाजता' असे छापले, की नऊ वाजता दार उघडे असेल असे आपण शेकडो लोकांस सांगितले. दूरच्या वाडीहून एखादा मुलगा बसभाडे खर्चून येतो तो त्या कागदावर विश्वास ठेवून येतो. म्हणून पत्रक सुबक दिसण्याच्या आधी ते खरे असले पाहिजे. आणि ते खरे असावयाचे तर स्पर्धेची आखणी पत्रकाच्या आधी पुरी झाली पाहिजे.

१. खेळ आणि त्याचे नाव

पूल हा बिलियर्ड्सच्या कुळातील खेळ आहे. लोकरी कापडाने मढविलेले लांबट टेबल, त्याच्या चार कोपऱ्यांस चार व लांब बाजूंच्या मध्यावर दोन अशी सहा भोके, एक निमुळती काठी आणि चेंडू, एवढे त्याचे साहित्य. काठीस क्यू म्हणतात. ह्या खेळाचा फार प्रचलित प्रकार म्हणजे एट-बॉल, अर्थात आठ-चेंडू. त्यात पांढऱ्या चेंडूखेरीज १ ते १५ अंकांचे पंधरा चेंडू असतात. १ ते ७ हे एकरंगी, ९ ते १५ हे पट्ट्यांचे, आणि ८ अंकाचा काळा. काठी लावावयाची ती केवळ पांढऱ्या चेंडूस. त्याच्या आघाताने एका खेळाडूने एकरंगी सात व दुसऱ्याने पट्ट्यांचे सात चेंडू भोकांत घालावयाचे. आपले सात संपल्यावर जो काळा चेंडू नियमाप्रमाणे घालील तो डाव जिंकतो. ज्यास कॅरम येतो त्यास हे समजावयास वेळ लागू नये. पांढरा चेंडू हा तेथला स्ट्रायकरच म्हणावयाचा. दुसरा प्रकार नाइन-बॉल, म्हणजे नऊ-चेंडू. त्यात नऊच चेंडू असतात, टेबलावरील सर्वांत लहान अंकाच्या चेंडूस पांढऱ्याचा स्पर्श प्रथम व्हावा लागतो, आणि नियमाप्रमाणे फटका मारून नववा चेंडू जो घालील तो जिंकतो. दोन्ही प्रकारांची तयारी वेगळी असल्यामुळे कोणता खेळ खेळावयाचा आहे हे पत्रकात सांगावेच लागते.

आता नावाची अडचण पाहा. 'भव्य पूल स्पर्धा' असा मथळा मोठ्या अक्षरांत छापला, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम नदीवरील पूल उभा राहतो आणि शहरातील मुलास पोहण्याचा तलाव आठवतो. एका शब्दास तीन अर्थ असले म्हणजे त्याच्या शेजारी अर्थ स्पष्ट करणारा शब्द ठेवावा. 'पूल : टेबलावरील आठ-चेंडूंचा खेळ' एवढे म्हटले तरी घोटाळा टळतो. लेखकास जे ठाऊक आहे ते वाचकासही ठाऊक असेल असे गृहीत धरणे हा बहुतेक पत्रकांत आढळणारा दोष आहे.

पालकांच्या शंकेचे मूळही थोडेसे ह्या नावातच आहे. इंग्रजीत पूल ह्या शब्दाचा एक अर्थ अनेकांनी मिळून एकत्र केलेली पैजेची रक्कम असा होतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या जागांस पूलरूम म्हणत, आणि दोन शर्यतींमधला वेळ गिऱ्हाइकांस घालविता यावा म्हणून तेथे बिलियर्ड्सची टेबले मांडीत. जुगार चाले तो घोड्यांवर. परंतु नाव चिकटले टेबलाला, आणि नावाबरोबर दुर्लौकिकही.

वस्तुतः ह्या कुळातील खेळांशी आपल्या देशाचा संबंध अभिमान वाटावा असा आहे. ह्याच कुळातील स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूर येथे नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने सुरू केला असे मानतात. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स हे १९५८ साली कलकत्ता येथे बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो मान पुन्हा मिळविला. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी तेच अजिंक्यपद १९७७, १९८१ व १९८३ अशा तीन साली जिंकले. नेम, कोनांचे ज्ञान, हाताची स्थिरता आणि संयम ह्यांवाचून हे घडत नाही.

तथापि हा इतिहास पत्रकावर छापू नये. चिमुकल्या कागदावर त्यास जागा नाही, आणि थोर खेळाडूचे नाव किंवा चित्र छापले तर ते स्वतः येणार आहेत असा समज होतो. पालकांची शंका थोरांच्या नावांनी फिटत नाही. ती फिटते साध्या माहितीने. देखरेख कोण करणार, मुले किती वाजता मोकळी होणार, धूम्रपानास व पैजेस बंदी आहे की नाही, एवढे त्यांस कळले पाहिजे.

२. आखणी आधी, पत्रक मागून

समजा, गावातील क्रीडामंडळाच्या सभागृहात पूलची दोन टेबले आहेत आणि एका रविवारी स्पर्धा उरकावयाची आहे. मंडळातील उत्साही मुले ताबडतोब 'सर्वांस प्रवेश' असे लिहून मोकळी होतील. परंतु लेखणी उचलण्यापूर्वी थोडे गणित केले पाहिजे.

बाद पद्धतीच्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यात एक खेळाडू बाद होतो, व शेवटी एकच उरतो. म्हणून जितके खेळाडू असतील त्यांहून एक कमी इतके सामने होतात. सोळा खेळाडू असतील तर १५ सामने, बत्तीस असतील तर ३१. तीन डावांपैकी दोन जिंकणारा विजयी असे ठरविले, आणि नवशिक्यांच्या एका डावास सुमारे वीस मिनिटे धरली, तर एका सामन्यास एक तास राखून ठेवावा.

सोळा खेळाडूंच्या पहिल्या फेरीत आठ सामने होतील. टेबले दोन, म्हणून त्यांस चार तास लागतील. दुसऱ्या फेरीचे चार सामने दोन तासांत, उपांत्य फेरीचे दोन सामने एका तासात आणि अंतिम सामना एका तासात. एकूण आठ तास. सकाळी नऊ वाजता आरंभ केला आणि दुपारी जेवणास एक तास सोडला, तर सायंकाळी सहा वाजता बक्षिसे वाटता येतील. आता बत्तीस खेळाडू घेऊन पाहा. पहिल्याच फेरीत सोळा सामने, म्हणजे आठ तास. त्यानंतर वरील आठ तास आहेतच. सोळा तासांची स्पर्धा एका रविवारात मावणे शक्य नाही. अर्थात 'सर्वांस प्रवेश' हे वचन पाळता येण्यासारखे नव्हते, हे छापण्यापूर्वीच कळले. पत्रकात 'पहिल्या १६ अर्जांस प्रवेश' असे लिहिणे प्राप्त झाले.

ह्याच्या उलट अकराच अर्ज आले तर? अकराच्या वर असलेली दोनाच्या पटीतील संख्या, म्हणजे २, ४, ८, १६ ह्या मालिकेतील संख्या, सोळा होय. सोळातून अकरा वजा करता पाच उरतात. म्हणून पाच खेळाडूंस पहिल्या फेरीत 'पुढे चाल' द्यावयाची. उरलेल्या सहांचे तीन सामने झाले की तिघे जिंकतात. पाच आणि तीन मिळून दुसऱ्या फेरीसाठी बरोबर आठ होतात. पुढे चाल कोणास मिळावी हे सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि चिठ्ठ्या केव्हा व कोठे टाकल्या जातील हे पत्रकातच सांगावे. एवढ्या एका ओळीने पक्षपाताचा आरोप टळतो.

पत्रक लिहू लागले की स्पर्धेतील कच्चे दुवे आपोआप उघडे पडतात असा ह्याचा अर्थ आहे. जी ओळ लिहिताना हात अडखळतो, तेथे बहुधा निर्णय घ्यावयाचा राहिलेला असतो. तेथे अक्षरांची सजावट करून पोकळी झाकू नये; उठून संबंधितांस विचारावे व मग लिहावे.

३. शुल्क, बक्षीस आणि पैज

पैशांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावयास पाहिजे. प्रवेश-शुल्क प्रत्येकी ५० रुपये ठेवले आणि सोळाही जागा भरल्या, तर ८०० रुपये जमतील. त्या भरवशावर पहिले बक्षीस ५०० व दुसरे ३०० असे छापले, आणि प्रत्यक्षात नऊच खेळाडू आले, तर हातात ४५० रुपये असून देणे मात्र ८०० चे होईल. उरलेले ३५० कोण देणार? 'खेळाडू कमी आले म्हणून बक्षीस कमी' असे आयत्या वेळी सांगणे म्हणजे वचनभंग होय. तेव्हा दोनच मार्ग प्रामाणिक आहेत. एक तर बक्षिसाची रक्कम आधीच बाजूस काढून ठेवावी, नाही तर चषक व प्रशस्तिपत्र एवढ्यावरच भागवावे. मुलांच्या स्पर्धेस दुसरा मार्ग अधिक शोभतो असे आम्हांस वाटते. 'आकर्षक बक्षिसे' हे शब्द मात्र कधीही वापरू नयेत. बक्षीस काय आहे हे सांगण्याचे टाळून ते मोठे आहे असे सुचविणे ही त्या शब्दांची खुबी आहे, व तीच त्यांची खोड.

१८८७ पासून चालत आलेल्या आपल्याकडील जुगारप्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळास अपवाद ठेवलेला आहे. पण बाकावर बसून दुसऱ्याच्या खेळावर पैसे लावणे ह्यात लावणाऱ्याचे कौशल्य कसले? म्हणून 'सभागृहात कोणत्याही प्रकारची पैज लावण्यास सक्त मनाई आहे' ही ओळ पत्रकात अवश्य असावी. ती छापणे सोपे आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक वडीलधारा माणूस दिवसभर तेथे बसविणे कठीण आहे. तो माणूस आधी ठरवावा, आणि मगच ओळ छापावी.

४. मजकूर

चांगल्या पत्रकात सहा प्रश्नांची उत्तरे मिळतात : काय, केव्हा, कोठे, कोणासाठी, किती शुल्क, आणि चौकशी कोणाकडे. ह्यांतील एक उत्तर राहिले तरी बाकीची पाच निरुपयोगी होतात. आता पुढील मजकूर वाचा.

'चला! चला!! चला!!! भव्य राज्यस्तरीय खुली पूल स्पर्धा! येत्या रविवारी सकाळी! आकर्षक बक्षिसे! प्रवेश मर्यादित! त्वरा करा!'

उद्गारचिन्हे पुष्कळ आहेत; माहिती मात्र नाही. 'येत्या रविवारी' हे शब्द शुक्रवारी वाचले तर एक दिवस, आणि तोच कागद सोमवारी हाती आला तर दुसराच दिवस दाखवितात. 'राज्यस्तरीय' म्हणण्यास राज्यातील खेळाडू व राज्याच्या संघटनेची मान्यता लागते. सोळा जणांच्या गावच्या स्पर्धेस ते विशेषण लावणे म्हणजे मुलास आजोबांचा अंगरखा घालणे होय. 'खुली' म्हणजे वयाने खुली की गावाने खुली, ते कळत नाही. 'मर्यादित' म्हणजे किती, तेही नाही. हा मजकूर वाचून उत्सुक झालेल्या मुलास पुढे काय करावे हेच समजणार नाही. त्याऐवजी असे लिहून पाहू.

पूल स्पर्धा
टेबलावरील आठ-चेंडूंचा खेळ (एट-बॉल)
१३ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी
रविवार, दि. १० जानेवारी २०२७. सकाळी ९ (नऊ) ते सायंकाळी ६ (सहा)
स्थळ : क्रीडामंडळाचे सभागृह, पहिला मजला, टपाल कचेरीसमोर
पहिल्या १६ अर्जांस प्रवेश. शुल्क ५० रुपये. पालकांची सही आवश्यक.
अर्ज शुक्रवार, दि. ८ जानेवारीपर्यंत सभागृहाच्या कार्यालयात, सायंकाळी ५ ते ७.
चिठ्ठ्या शनिवार, दि. ९ रोजी सायंकाळी ६ वाजता सर्वांसमक्ष टाकण्यात येतील.
बाद पद्धत, तीन डावांपैकी दोन जिंकणारा विजयी. क्यू मंडळाकडून मिळेल.
विजेत्यास व उपविजेत्यास चषक.
धूम्रपान व पैज यांस सक्त मनाई. पालकांस दिवसभर प्रवेश मोकळा.

ह्यात एकही विशेषण नाही. तथापि खेळू इच्छिणाऱ्या मुलाचा असा एकही प्रश्न नाही की ज्याचे उत्तर येथे मिळत नाही. शेवटची ओळ विशेष लक्षात घ्यावी. 'काळजी करू नका' असे पालकांस सांगण्यापेक्षा 'केव्हाही या व पाहा' असे सांगितल्याने त्यांची काळजी अधिक लवकर दूर होते. 'क्यू मंडळाकडून मिळेल' हे तीन शब्दही निष्कारण नाहीत. स्वतःची काठी नसलेला गरीब घरचा मुलगा ते वाचूनच अर्ज करण्यास धजेल.

५. कागद, अक्षर व रंग

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईस शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पुढे खिळ्यांच्या छपाईचा प्रसार झाला, तेव्हा एकेक अक्षर हाताने उचलून जुळवावे लागे, आणि प्रत्येक जादा शब्दाचे श्रम जुळाऱ्याच्या बोटांस कळत. आज संगणकावर शेकडो वळणांची अक्षरे क्षणात मिळतात. म्हणून पूर्वी श्रमामुळे आपोआप येणारा संयम आता विचारपूर्वक पाळावा लागतो. एका पत्रकास अक्षरांची दोन वळणे पुरेत, एक मथळ्यास व एक मजकुरास.

देवनागरी अक्षरांच्या काही गरजा विशेष आहेत. आपल्या लिपीत मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार रेषेच्या वर, आणि उकार व ऋकार अक्षराच्या खाली जातात. ओळी फार जवळ आणल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेस भिडतो. अक्षराखाली रेघ ओढली तर उकार तिच्यात बुडतो. अक्षरे ओढून रुंद केली तर जोडाक्षरे विद्रूप होतात. आकड्यांतही एक धोका आहे. बारीक ठशात १ आणि ९ ह्यांतील फरक सहज नजरेतून निसटतो. म्हणून वरील नमुन्यात वेळ आकड्याबरोबर अक्षरांतही दिली आहे.

कागदाच्या मापात एक मौजेचे गणित आहे. कार्यालयात वापरतात तो ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. तो मधोमध कापला की ए-५, आणि तो पुन्हा कापला की ए-६ म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटरचा कागद मिळतो. रुंदी व लांबी ह्यांचे प्रमाण १ ला दोनाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१४ असे ठेवलेले असल्यामुळे कितीही वेळा निम्मा केला तरी कागदाचा आकार तोच राहतो. ही मापे १९२२ साली जर्मनीत प्रमाण म्हणून ठरविण्यात आली. आपल्या पत्रकास ए-६ पुरते. एका ए-४ कागदात चार पत्रके बसतात, म्हणून दोनशे पत्रकांस पन्नासच कागद लागतील. कापताना पाते थोडे सरकते. ह्यास्तव चारी कडांशी निदान पाच मिलिमीटर जागा कोरी ठेवावी.

रंगाविषयी एवढेच की, टेबल हिरवे म्हणून पत्रकाची भूमी हिरवी करून तीवर लाल अक्षरे घालण्याचा मोह होईल, तो आवरावा. कित्येक लोकांस लाल व हिरवा ह्यांतील भेद नीट दिसत नाही. आणि तोच कागद काळ्या-पांढऱ्या प्रतीच्या यंत्रावर घातला तर दोन्ही रंग जवळजवळ सारखेच राखाडी उमटतात. पांढऱ्यावर काळे हे स्वस्तही आहे व स्पष्टही. चित्र हवेच असेल तर काळ्या वर्तुळात पांढरे वर्तुळ व त्यात ८ चा अंक काढावा. ते काढण्यास चित्रकार लागत नाही, आणि खेळ जाणणारास खूण तत्काळ पटते.

६. मुद्रिते तपासणे

छापण्यास देण्यापूर्वी पत्रकाची एक प्रत काढून ती दोघांनी तपासावी. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मूळ कागद पाहावा. शुद्धलेखनाबरोबर वार व तारीख दिनदर्शिकेशी ताडून पाहावी. रविवार छापून तारीख शनिवारची घातली तर अर्धे लोक एका दिवशी व अर्धे दुसऱ्या दिवशी येतील. जुन्या पद्धतीच्या टंकात जुळविलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल, तर रफार व जोडाक्षरे एकेक करून पाहावी. तेथे ती हमखास निखळतात. त्यानंतर खेळाशी ज्याचा काडीमात्र संबंध नाही अशा माणसास, आजीस किंवा शेजारच्या दुकानदारास, ते वाचावयास द्यावे, आणि 'हे कशाचे, केव्हा व कोठे?' एवढेच विचारावे. उत्तर अडखळत आले तर दोष वाचकाचा न मानता मजकुराचा मानावा.

पत्रकाच्या तळाशी ते काढणाऱ्या मंडळाचे व छापखान्याचे नाव असावे. १८६७ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव व ठिकाण घालणे बंधनकारक असे. २०२३ साली त्याच्या जागी नवा कायदा झाला. परंतु आपल्या शब्दांखाली आपले नाव घालण्याची ही चाल मुळातच चांगली असल्यामुळे ती सोडू नये. मात्र एखाद्या मुलाचे छायाचित्र किंवा घरचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या घरच्यांच्या संमतीवाचून कधीही छापू नये. हातोहात पसरलेला कागद परत गोळा करता येत नाही.

७. वाटप आणि त्यानंतर

सोळा जागांसाठी हजार पत्रके वाटणे म्हणजे शेकडो लोकांस निराश करण्यासाठी पैसे खर्चणे होय. दोनशे पुरेत. ती शाळांच्या सूचनाफलकांवर मुख्याध्यापकांच्या परवानगीने, वाचनालयात, खेळाच्या साहित्याच्या दुकानात आणि खेळणाऱ्या मुलांच्या हाती द्यावीत. भिंतींवर व विजेच्या खांबांवर चिकटवू नयेत; सार्वजनिक मालमत्तेचे विरूपण रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याची भिंत ही आपली पाटी नव्हे.

हल्ली तेच पत्रक भ्रमणध्वनीवर चित्ररूपाने पाठविण्याची पद्धत आहे, आणि ती सोयीची आहे. परंतु तेथे एक अडचण उद्भवते. स्पर्धेची तारीख काही कारणाने बदलली तरी जुने चित्र एका हातून दुसऱ्या हाती फिरतच राहते. म्हणून नव्या चित्रावर ठळकपणे 'सुधारित' असे लिहून ते ज्या दिवशी काढले ती तारीख घालावी, आणि सभागृहाच्या दारावरही तसा कागद लावावा. सतरावा अर्ज घेऊन येणाऱ्या मुलास 'जागा भरल्या' असे सौजन्याने सांगून त्याचे नाव प्रतीक्षायादीत लिहावे. स्पर्धा संपल्यावर निकाल त्याच फलकांवर लावावा व जुनी पत्रके स्वतः काढून न्यावीत. असे केले म्हणजे दिलेले वचन पुरे फेडले असे होईल.

विद्यार्थिमित्रहो, आज तुम्ही सोळा खेळाडूंच्या एका स्पर्धेचे पत्रक लिहाल. उद्या तुमच्यापैकी कोणी दुकानाची जाहिरात लिहील, कोणी कचेरीची सूचना काढील, कोणी निवडणुकीत लोकांपुढे जाहीरनामा ठेवील. तेथे दडपण मोठे असेल आणि 'भव्य', 'आकर्षक' ह्या शब्दांची लालूच अधिक. जे पाळता येईल तेवढेच लिहावयाचे, आणि जे लिहिले ते पाळावयाचे, ही सवय लहान कामात लागली तरच मोठ्या कामात टिकते. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलांनी आणलेले पत्रक नुसते 'छान' म्हणून परत देऊ नये. 'ह्यातील प्रत्येक ओळ खरी करण्याचे काम कोणाकडे आहे?' असे त्यांस विचारावे.

स्वाध्याय

१. एका टेबलावर आठ खेळाडूंची बाद पद्धतीची स्पर्धा घ्यावयाची आहे. एका सामन्यास एक तास धरल्यास एकूण किती सामने व किती तास लागतील?
२. तेरा अर्ज आले असता पहिल्या फेरीत किती खेळाडूंस पुढे चाल द्यावी लागेल?
३. आपल्या घरी आलेले कोणतेही एक पत्रक घ्या. वरील सहा प्रश्नांपैकी किती प्रश्नांची उत्तरे त्यात मिळतात ते लिहा, व त्यातील सर्व विशेषणे खोडून काय उरते ते पाहा.
४. आपल्या वर्गाच्या कॅरम स्पर्धेचे पत्रक ए-६ कागदावर हाताने लिहून तयार करा, आणि वडिलांस किंवा आईस एकदाच वाचावयास देऊन त्यांस काय समजले ते विचारा.